गेनरचे तीन चेक

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईने आपल्या धाकट्या बहिणीचा हेवा करू नये, एवढं मलाही कळतं. पण मी केला, आणि अगदी मन लावून केला. गेनर जन्मली तेव्हा मी पाच वर्षांची होते. आई तिला हॉस्पिटलमधून घेऊन आली त्याच दिवशी माझी खिडकीजवळची खाट तिला मिळाली आणि माझी गादी जिन्याशेजारच्या अंधाऱ्या खोलीत गेली. तिथून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही.

तिला बाबांचे कुरळे केस मिळाले, मला त्यांचं नाक मिळालं. तिला ट्रेव्हर मिळाला. ट्रेव्हरचा खिडक्या बसवायचा स्वतःचा धंदा होता, पांढऱ्या व्हॅनवर निळ्या अक्षरांत नाव होतं, आणि लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्याने घरामागे तिला काचेची खोली बांधून दिली. आमच्या साऊथ शील्ड्स गावात जेवढं म्हणून ऊन पडतं तेवढं सगळं त्या खोलीत पडतं, असं आई चारचौघींत सांगायची. मला मिळाला डेनिस. सहा वर्षांत त्याने एकच काम नीट केलं, ते म्हणजे तो निघून गेला. मी भाजीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते.

या सगळ्याचंही मला एवढं काही नव्हतं. मला सलायची ती आई. आईच्या शेकोटीवरची फळी म्हणजे गेनरचं प्रदर्शन होतं. गेनरचं लग्न, गेनरची पोरं, काचेच्या खोलीत पाय वर करून बसलेली आई. माझा फोटो एकच, तोही शाळेतला, घड्याळाच्या मागे. मी गेले की चहा ओतता ओतता आईचं सुरू व्हायचं. ही उशी गेनरने आणली. हा बल्ब गेनरने बदलला. दर शुक्रवारी गेनर तिला गाडीतून केस सेट करायला न्यायची, मग समुद्रासमोर बसून दोघी मासे आणि चिप्स खायच्या. शुक्रवारी माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त गर्दी असते, हे आईला वीस वेळा सांगून झालं होतं. तरी ती म्हणायची, "तू कधी येत नाहीस गं आमच्याबरोबर."

माझं दुकान म्हणजे माझं नव्हे, मी तिथे काचेमागे बसते. महिना संपायच्या आधी ज्यांचे पैसे संपतात ती माणसं आमच्याकडे येतात. दोनशे पौंड हवे असले तर दोनशे तीसचे चेक लिहून द्यायचे, पुढच्या पगाराची तारीख घालून. चेक आमच्या खणात राहतात. पगाराच्या दिवशी दोनशे तीस रोख भरून चेक परत न्यायचे. तेवढे नसतील तर नुसतं तीस पौंड व्याज भरायचं, नवे चेक लिहायचे आणि आणखी एक महिना ढकलायचा. बहुतेक लोक व्याजच भरतात आणि दुकान त्यांच्यावरच चालतं.

आई बिंगोच्या बायकांना सांगायची, आमची बेव्ह बँकेसारख्या ठिकाणी असते. गेनर काहीच सांगायची नाही. बाजारात आली की ती आमच्या समोरच्या बाजूने चालायची, औषधांच्या दुकानाच्या कडेने, आणि मी काचेतून तिचे कुरळे केस जाताना बघायची.

म्हणून दोन हजार आठच्या सप्टेंबरात ती आमच्या दारातून आत आली, तेव्हा मला आधी खरंच वाटेना.

"अगं बाई, वाट चुकलीस की काय?" मी म्हणाले.

"हळू बोल ना, बेव्ह." तिने मागे वळून बघितलं. दुकानात एक म्हातारा आणि पलीकडच्या खिडकीत माझी सहकारी नादिया, बस्स. "आई केस सेट करायला बसलीय. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे."

"मग बोल."

"गाडीचा क्लच गेला. गॅरेजवाला दोनशे चाळीस म्हणतो. माझ्याजवळ चाळीस आहेत."

गेनर म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊन त्यांची अंघोळ, जेवण, औषधं बघते. गाडी नसली तर तिचं काम नाही, आणि काम नसलं तर पगार नाही. हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं.

"ट्रेव्हरकडे माग की."

"त्याच्याकडे कुठून असणार? जुलैपासून त्याने एक खिडकी बसवलेली नाही. लोकांनी कामं बंद केलीत सगळी." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तो रोज सकाळी व्हॅन घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी येतो. कुठे जातो देव जाणे. त्याला यातलं काही कळता कामा नये हं. तो आधीच अर्धा झालाय."

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी माझ्या पोटात गरम चहा उतरल्यासारखं बरं वाटलं. पांढरी व्हॅन, निळी अक्षरं, काचेची खोली, आणि दोनशे पौंड नाहीत! माझ्या जळफळाटाला बेचाळीस वर्षांनी कुणीतरी खुर्ची दिली.

त्या वेळी माझ्या बचतखात्यात चौदाशे पौंड होते. नॉर्वेच्या बोटसफरीसाठी मी चार वर्षं साठवत होते. खरं सांगायचं तर मला नॉर्वे बघायचा नव्हता. मला बोटीच्या कठड्याला टेकून एक फोटो काढून घ्यायचा होता, मोठा, चांदीच्या चौकटीतला, आईच्या शेकोटीवरच्या फळीवर मधोमध ठेवायला. त्यातले दोनशे गेनरला सहज देता आले असते. ही गोष्ट माझ्या मनात आलीच नाही असं मी म्हणणार नाही. आली, आणि मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

घरच्या माणसाचं काम स्वतः करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी तिला नादियाकडे पाठवायला हवं होतं. पण असा दिवस दुसरीच्या खिडकीत कोण जाऊ देईल?

बँकेच्या कार्डावर एका चेकमागे शंभरच पौंडांची हमी असते, म्हणून तिला तीन चेक लिहावे लागले. शंभर, शंभर आणि तीस. तिचं अक्षर अजून शाळेतल्यासारखं गोल होतं. मी तिच्यापुढे दोनशे मोजले, तिने ते न मोजता पर्समध्ये टाकले.

"आभारी आहे गं," ती म्हणाली. "महिनाअखेर फेडते."

"सगळे असंच म्हणतात," मी हसून म्हणाले.

महिनाअखेरीच्या शुक्रवारी ती आली तेव्हा तिच्याकडे तीसच होते. मी खणातून जुने चेक काढले, तिने नवे लिहिले. ऑक्टोबरातही तेच. आता सांगायला लाज वाटते, पण महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी सकाळी लिपस्टिक लावायला लागले होते. आई केसांच्या दुकानात गरम हवेखाली बसलेली असायची आणि माझी बहीण वीस मिनिटं माझ्या काचेसमोर उभी असायची. लहानपणापासून तिला कधी माझी गरज पडली नव्हती. आता ती मला पोरांचं सांगायची, ट्रेव्हर रात्री झोपत नाही ते सांगायची, आणि मी "हो का गं" म्हणत ऐकायची. मला तिची कीव यायची आणि ती कीव मला फार आवडायची.

नोव्हेंबरात ती एकशे तीस घेऊन आली. जादा पाळ्या केल्या होत्या, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"शंभर यातून कमी होतील ना?" तिने विचारलं. "म्हणजे पुढच्या वेळी व्याजही निम्मं लागेल."

होत होते की. दोन मिनिटांचं काम होतं. पण गिऱ्हाईक असं बोललं की काय म्हणायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं, आणि ते मी इतर कुणालाही म्हणत होते तसंच तिला म्हणाले. फक्त आवाज जरा जास्त गोड काढला.

"ख्रिसमस तोंडावर आलाय, गेनर. शंभर हातात राहू देत. आत्ता देऊन बसलीस आणि मध्येच काही निघालं तर? परत इथेच येणार ना?"

ती थांबली. मोठ्या बहिणीचं ऐकावं असं तिला वाटलं असणार. "तू म्हणतेस तेही खरंच," ती म्हणाली, आणि शंभर परत पर्समध्ये गेले. पलीकडून नादियाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

ते शंभर ख्रिसमसमध्ये गेले. त्यांतून आईला विजेचं ऊबदार पांघरूण मिळालं. नाताळच्या दिवशी आई ते मांडीवर घेऊन बसली होती आणि दर दहा मिनिटांनी म्हणायची, "हात लावून बघ, बेव्ह, काय ऊब आहे!" मी हात लावला. हे पांघरूण अजून माझ्या खणात पडलेल्या चेकांवर आलंय, हे त्या खोलीत मला आणि गेनरलाच माहीत होतं, असं मी समजत होते. मी गेनरकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं होतं, पण मी गप्प बसले. पुढचा शेवटचा शुक्रवार मला हवा होता.

मार्चपर्यंत तिने सात वेळा व्याज भरलं. म्हणजे दोनशे दहा पौंड, घेतले होते त्यापेक्षा दहा जास्त, आणि मूळ दोनशे जागच्या जागीच. तिचे केस आता विंचरलेले नसायचे. ती कमी बोलायला लागली होती. तीस ठेवायची, चेक लिहायची, जायची. मला ते आवडेना. एकदा मी म्हणाले, "काय गं, बोलत नाहीस?" तर म्हणाली, "काय बोलायचं, बेव्ह? तुला सगळं माहीतच आहे."

एप्रिलच्या मध्यात आईला पंच्याहत्तर वर्षं झाली. रविवारचं जेवण अर्थातच गेनरकडे, काचेच्या खोलीत. भाजलेलं बीफ, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, सगळं साग्रसंगीत. आम्ही चौघंच होतो, गेनरची पोरं बाहेरगावी कॉलेजात. मी आईसाठी कार्डिगन आणलं होतं, खऱ्या मेंढीच्या लोकरीचं, फिकट जांभळं, बासष्ट पौंडांचं. न्यूकॅसलला जाऊन आणलं होतं. आईने कागद काढला, म्हणाली, "छान आहे गं," आणि ते खुर्चीच्या हातावर टाकलं.

मग गेनरने एक छोटी डबी पुढे केली. आत बदामाच्या आकाराचं लॉकेट, आणि लॉकेटात आईबाबांच्या लग्नातला फोटो, नखाएवढा. आईने ते उघडलं आणि ती रडायलाच लागली. "माझा आर्थर," म्हणाली. ट्रेव्हरने उठून तिच्या गळ्यात साखळी अडकवली. आई एका हाताने लॉकेट धरून बसली आणि दुसऱ्या हाताने गेनरचा गाल कुरवाळायला लागली.

"कसं सुचतं गं तुला हे सगळं?" ती म्हणाली. "माझी एक पोर तरी माझ्यावर गेलीय."

कार्डिगन खुर्चीवरून घसरून खाली पडलं. कुणी उचललं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तिला विचार की कुणाच्या पैशाने सुचतं," मी म्हणाले.

"काय?" आई म्हणाली.

"माझ्या दुकानातून उचललेत तिने. सप्टेंबरपासून. दोनशे पौंड घेतलेत आणि अजून एक पेनीसुद्धा फिटलेली नाही. दर महिन्याला नुसतं व्याज भरायला येते, तू केसांना रोलर लावून बसलेली असतेस तेव्हा. आणि इथे लॉकेटं वाटतेय."

बोलत होते तेव्हा फार बरं वाटलं. शेवटच्या शब्दापर्यंत बरं वाटलं. मग ट्रेव्हरने काटा ताटात ठेवला.

"दोनशे पौंड?" तो गेनरला म्हणाला. "सप्टेंबरपासून?"

"क्लचसाठी," गेनर म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी सांगणार होते तुला."

ट्रेव्हर आवाज चढवणारा माणूस नाही. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेला. काचेतून आम्हाला तो दिसत होता. व्हॅनमध्ये जाऊन बसला, पण व्हॅन सुरू केली नाही. आता आई गेनरला बोलेल, म्हणून मी वाट बघत होते. मला तेवढंच हवं होतं, एकदाच.

"बेव्हर्ली," आई म्हणाली. पूर्ण नाव ती रागावली की घेते. "हे काय वागणं झालं?"

"मी?"

"मला सगळं माहीत आहे. क्लच बसला त्याच आठवड्यात गेनरने मला सांगितलं, बेव्हच्या दुकानातून घेतले म्हणून. आणि ते व्याज दर महिन्याला तू तुझ्या पगारातून भरतेस, तिला एक पैसा भरू देत नाहीस, तेही सांगितलंय." आईने टेबलावरून हात लांब करून माझा हात धरला. तिच्या बोटांना रश्श्याचा वास होता. "केलंस ते फार चांगलं केलंस, पोरी. बिंगोत सगळ्यांना सांगितलंय मी. आमची बेव्ह बोलायला फटकळ आहे, पण बहिणीला अशी सांभाळते, म्हटलं. पण केलेलं असं भर जेवणात बोलून दाखवू नये गं. आणि तेही ट्रेव्हरसमोर. त्यातली सगळी गोडी जाते."

मी गेनरकडे बघितलं. ती ताटातल्या बटाट्याचे तुकडे करत होती, एकाचे चार, चाराचे आठ.

"होय ना?" आई म्हणाली. "तूच भरतेस ना?"

सात वेळा मी ते तीस पौंड तिच्या हातून घेतले होते. वीस आणि दहाच्या नोटा, कधी पाचाच्या, एकदा तर निम्मी नाणी. मी "नाही" म्हणू शकले असते. गेनर वर बघेल, काहीतरी बोलेल, म्हणून मी थांबले. तिने आणखी एक बटाटा कापायला घेतला. आईचा हात माझ्या हातावर होता आणि तो तिने काढून घेऊ नये असं मला वाटत होतं.

"हो, आई," मी म्हणाले.

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि शेवटचं यॉर्कशायर पुडिंग, जे दर रविवारी ट्रेव्हरला जायचं, ते तिने उचलून माझ्या ताटात ठेवलं. मी ते खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्यासाठी चारचौघींत मिरवली होती आणि तेही गेनरने तिला सांगितलं म्हणून. त्या क्षणी मला गेनरचा जेवढा हेवा वाटला तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता.

जेवण झाल्यावर आई काचेच्या खोलीत पेंगायला लागली. मी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेले. गेनर भांडी घासत होती. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले.

"तिला असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं?"

"व्याज मी भरते म्हणून."

"मग काय सांगणार होते?" तिने मागे न बघता ताट माझ्याकडे दिलं. "गाडीला नवा क्लच लागला तर पैसे कुठून आले हे ती विचारणारच. मी म्हटलं, बेव्हच्या दुकानातून. तर म्हणाली, दुकानातून कशाला? बेव्हकडे आहेत की बोटीसाठी ठेवलेले. तिचेच का नाही दिले तिने?" तिने नळ बंद केला. "आता हे तिला कसं सांगू, बेव्ह, की 'माझे देऊ का' असं तू साधं विचारलंसुद्धा नाहीस?"

मी तेच ताट पुसत राहिले. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"मी देते," मी शेवटी म्हणाले. "सगळे दोनशे तीस. उद्या खात्यातून काढते. तू दुकानात येऊच नकोस."

"नको."

"का नको? वेड लागलंय का तुला? माझे पडून आहेत."

"पडून आहेत ते सप्टेंबरातही होते." ती आता माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "दुकानाचे फेडले की संपतं, बेव्ह. चेक हातात मिळतात, फाडून टाकायचे. तुझे घेतले तर तू ते कधी संपू देणार नाहीस."

बाहेर व्हॅनचं दार वाजलं. ट्रेव्हर आत आला आणि गेनर हात पुसून त्याच्याकडे गेली. मी माझा कोट घेतला. जाताना कार्डिगन जमिनीवरून उचललं, घडी केली आणि झोपलेल्या आईच्या पायाशी ठेवलं.

पुढचे दोन आठवडे मी गेनरला फोन केला नाही, तिनेही केला नाही. आईकडून कळलं की ट्रेव्हरने व्हॅन विकली. एका संडरलंडच्या माणसाने घेतली, आणि निळी अक्षरं खरवडून काढायला ट्रेव्हरला अख्खा दिवस लागला. आता तो गोदामात रात्रपाळीला जात होता. "चालायचंच," आई म्हणाली, "निदान घरात कुढत बसत नाही." व्हॅन माझ्या तोंडामुळे गेली, हे तिच्या मनातही आलं नाही. माझ्या मनातून मात्र ते हलत नव्हतं. ज्या व्हॅनवर मी वीस वर्षं जळत होते ती गेली, आणि मला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मी सकाळी खात्यातून दोनशे तीस काढून आणले आणि पाकिटात घालून पर्समध्ये ठेवले. तिला पुन्हा एकदा विचारायचं असं ठरवलं होतं. नीट विचारायचं, पाया पडल्यासारखं. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती.

तीनच्या सुमाराला ती आली. केस विंचरलेले होते. तिने माझ्या काचेखालून विसाच्या नोटा आत सरकवल्या आणि वर एक दहाची.

"सगळे," ती म्हणाली. "दोनशे तीस. मोज."

"गेनर, ऐक ना जरा—"

"मोज, बेव्ह. गाडी पिवळ्या रेघांवर उभी आहे. दंडाची पावती चिकटवतील."

मी मोजले. अकरा विसाच्या आणि एक दहाची. खणातून तिचे तीन चेक काढले आणि तिच्याकडे दिले. तिने ते एकावर एक ठेवले, आडवे फाडले, मग उभे फाडले आणि तुकडे कोटाच्या खिशात टाकले. त्या तुकड्यांकडे बघून मला आठ महिन्यांचे शुक्रवार संपल्याचं कळलं. आता ती इथे कशाला येईल?

"आई गाडीत बसलीय," ती म्हणाली. "मी तिला सांगितलंय की बेव्हने सगळं फेडून टाकलं आणि मी फक्त चेक न्यायला जातेय. जरा तिला हात कर."

मी बाहेर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानासमोर गेनरची गाडी होती. आईने काच खाली केली होती. केस नुकतेच सेट केलेले, अंगात माझं जांभळं कार्डिगन, आणि ती आमच्या दुकानाकडे बघून जोरजोरात हात हलवत होती.

"असं कशाला सांगितलंस?" मी काचेजवळ झुकून विचारलं. "मी तर काहीच... माझ्यासाठी कशाला खोटं बोलतेस तू?"

"तुझ्यासाठी नाही गं बोलत," गेनर म्हणाली. "पंच्याहत्तर वर्षांची आहे ती. दोन्ही मुली चांगल्या निघाल्या असं वाटतंय तिला. वाटू दे. हात कर."

मी हात केला. पर्समधलं पाकीट पर्समध्येच राहिलं. गेनरने आपल्या पर्सची चेन ओढली, नादियाला "येते हं" म्हणाली आणि दार ढकलून बाहेर पडली.

माझ्या खिडकीपुढे पुढचा माणूस येऊन उभा राहिला, तरी मी हात हलवतच होते. गेनर रस्ता ओलांडून गेली आणि आईशेजारी बसली. आईने तिच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी भरभरून सांगायला लागली. ते माझंच कौतुक होतं, एवढं मला काचेतूनही कळत होतं. आणि ते ऐकायला तिच्याजवळ गेनर बसली होती.